हाय-फायचं इमान नेमकं कुणाशी?

‘अपग्रेड’ हा शब्द आपल्या तोंडात बसला तो फोनमुळे. दोन वर्षांत बॅटरी दम सोडते, तिसऱ्या वर्षी नवं सॉफ्टवेअर झेपत नाही, चौथ्या वर्षी आपण एक्स्चेंज ऑफर शोधायला लागतो. फोनपुरतं हे गणित बरोबरही असेल. पण तेच गणित घरातल्या प्रत्येक वस्तूला लावायची सवय आपल्याला लागली आहे, आणि माझं भांडण त्या सवयीशी आहे. आज ते रेकॉर्ड प्लेअरपुरतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चालू स्थितीतला जुना रेकॉर्ड प्लेअर काढून त्याच्या जागी हाय-फाय टर्नटेबल आणणं हा आपल्याकडच्या बऱ्याच घरांसाठी चुकीचा निर्णय आहे. हे मी आठवणींचे कढ काढत म्हणत नाही. जुन्या यंत्राचा ‘उबदार आवाज’ वगैरे मला ऐकू येत नाही. आमच्या यंत्राला एकच स्पीकर आहे, तोही तळहाताएवढा. भीमसेनजींचे अभंग मी फोनवर इअरफोन लावून ऐकतो आणि ते जास्त चांगले ऐकू येतात. तरीही जुनं यंत्र ठेवा असं मी म्हणतोय, तर त्याचं कारण आवाजापेक्षा वेगळं असणार.

आम्ही दुधनीचे. अक्कलकोट तालुका, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवरचं गाव. तुरीचा बाजार मोठा, थोडं पुढे गेलं की कर्नाटक. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. माझे अज्जा अडत दुकानात दिवाणजी होते. हंगाम चांगला गेला की सोलापूरला जाऊन रेकॉर्ड आणायचे. त्यांच्या मागे घरात एक सुटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर आणि 140 रेकॉर्ड राहिल्या. त्यातल्या 96 अठ्ठ्याहत्तरच्या, 31 छोट्या पंचेचाळीसच्या आणि फक्त 13 एलपी. हे आकडे लक्षात ठेवा, सगळा वाद त्यांच्यावर आहे.

पुण्यात नोकरीला असलेला माझा चुलतभाऊ, ज्याला मी अण्णा म्हणतो, गेल्या दिवाळीत म्हणाला, “हे डबडं काढा. मी अप्पांना नवा टर्नटेबल घेऊन देतो.” अप्पा हो म्हणाले. मी नको म्हणालो. घरात अजून धुसफुस चालू आहे. अण्णाचे मुद्दे मूर्खपणाचे नाहीत. एक, जुन्या यंत्राचा हात जड, तो रेकॉर्ड खरवडतो. दोन, आवाज मोनो आणि चिरका. तीन, पार्ट मिळत नाहीत. चार, चांगलं काही ऐकायचं तर चांगल्या यंत्रावर ऐकावं. चारही मुद्द्यांना उत्तर देतो, पण त्याआधी एक प्रश्न: नवा टर्नटेबल आमच्या 140 पैकी किती रेकॉर्ड वाजवेल?

तीन वेग आणि एक विसर

रेकॉर्डचे मुख्य वेग तीन. जुन्या लाखेच्या रेकॉर्ड मिनिटाला 78 फेरे घेतात. 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं 33⅓ फेऱ्यांची एलपी आणली, आणि पुढच्याच वर्षी आरसीएनं 45 ची छोटी रेकॉर्ड. नव्या दोन्ही विनाइलच्या, बारीक खाचांच्या. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये 1960 च्या आसपास 78 चा कारभार आटोपला.

आपल्याकडे नाही. आपल्याकडे असंख्य घरांत वीज नव्हती आणि चावीचा ग्रामोफोन चालत होता, म्हणून 78 च्या रेकॉर्ड 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघत राहिल्या. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीसुद्धा 78 वर छापली गेली. जगातले संग्राहक आज त्या भारतीय रेकॉर्डसाठी भरपूर पैसे मोजतात, कारण बीटल्सच्या मायदेशात तोवर 78 इतिहासजमा झाली होती.

आता आजचा बाजार पाहा. ‘पहिला हाय-फाय टर्नटेबल’ म्हणून हमखास सुचवल्या जाणाऱ्यांपैकी रेगा प्लॅनर 1 घ्या किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एलपी60एक्स घ्या, दोन्हींवर वेग दोनच: 33 आणि 45. त्यांची चूक नाही. ज्या घरांसाठी ते बनतात, तिथे 78 आजोबांच्याही आजोबांची गोष्ट आहे. 78 चा वेग देणारी नवी यंत्रं मिळतात, पण नुसता वेग पुरत नाही. 78 ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीच्या पिनचं टोक साधारण 18 ते 25 मायक्रॉनचं, 78 च्या पिनचं 65 ते 75 मायक्रॉनचं. एलपीची पिन 78 च्या खाचेत टाकली तर ती तळाशी जाऊन घासत बसते आणि आवाजापेक्षा खरखर जास्त देते. म्हणजे वेगळी पिन घ्या, बहुतेक वेळा वेगळं कार्ट्रिज घ्या.

अज्जांच्या ‘डबड्यात’ ही सोय आधीपासून आहे. पिनच्या बाजूची छोटी कळ फिरवली की एलपीचं टोक वर जातं आणि 78 चं खाली येतं.

तर हिशेब असा: अण्णाच्या मनातला टर्नटेबल घरात आला की 140 पैकी 96 रेकॉर्ड त्याच दिवशी मुक्या होतील. ज्याला आपण अपग्रेड म्हणतोय, ते घरातल्या दोन-तृतीयांश संग्रहावर झाकण घालणं आहे.

त्या 96 मध्ये आहे काय?

“सगळं यूट्यूबवर असतं रे,” हे पुढचं वाक्य. 13 एलपींबाबत ते खरं आहे. 78 बाबत नाही.

टेपवर रेकॉर्डिंग करण्याची पद्धत 1940 च्या दशकाअखेर रुळायला लागली. त्याआधी आवाज थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा, तिच्यावरून धातूचा साचा, साच्यावरून रेकॉर्ड. जपून ठेवायला मूळ टेप नव्हतीच. मुंबईची यंग इंडिया किंवा जर्मन मूळ असलेली ओडियन अशी लेबलं आपल्याकडे कधीच बंद पडली. अशा कंपन्यांच्या कितीतरी गाण्यांचा आज उरलेला पुरावा म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावरची ती रेकॉर्ड. ती फुटली की गाणं संपलं.

आणि आमच्या भागाचा विचार करा. इकडे अक्कलकोट संस्थान, तिकडे गुलबर्ग्याला निजामाचं राज्य. पुढे 1956 ला एक रेघ पडली, 1960 ला दुसरी. या रेघा रेकॉर्डवर नव्हत्या. हुबळीच्या गंगूबाई हनगल सुरुवातीला ‘गांधारी’ या नावानं रेकॉर्डवर आल्या आणि त्यांनी मराठी भावगीतं गायली. पुढे त्यांनी सुगम गाणं सोडलं, त्यामुळे त्या गंगूबाई ऐकायच्या तर 78 कडेच जावं लागतं. गदगचे भीमसेन जोशी विशीच्या आसपास असताना त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली ती कन्नड आणि हिंदी भक्तिगीतांची. मराठी आणि कन्नडच्या सीमेवरच्या घरांत हे सगळं एकाच पेटीत असायचं: एका रेकॉर्डवर नाट्यपद, पुढच्या रेकॉर्डवर वचन. आज कंपन्यांची कॅटलॉगं भाषावार आहेत. अज्जांची पेटी भाषावार नव्हती. अशा पेट्या उघडल्या तरच कळेल की इथले लोक काय ऐकत होते.

माझ्या लेखी पणाला लागलेलं हे आहे. यंत्र कुठलंही असो, बाजारातून आणता येतं. ती रेकॉर्ड आणता येत नाही.

सोन्याचे कान

आता अण्णाचा चौथा मुद्दा: चांगलं यंत्र म्हणजे चांगलं ऐकणं. हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी. फिडेलिटीला आपल्याकडे सरळ शब्द आहे, इमान. यंत्रानं मूळ आवाजाशी इमान राखायचं. कल्पना उत्तम आहे. पण हे इमान मोजणारे कान किती भरवशाचे, याचा इतिहास गमतीचा आहे.

1915 पासून दहाएक वर्षं एडिसनच्या कंपनीनं अमेरिकेत गावोगावी ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका उभी, शेजारी ग्रामोफोन. मध्येच दिवे घालवायचे. लोकांनी ओळखायचं की आता बाई गातेय की रेकॉर्ड. लोकांना फरक कळला नाही, अशा बातम्या छापून यायच्या. हे लक्षात घ्या की त्या ग्रामोफोनला वीज नव्हती, नुसता भोंगा होता. ॲना केस या गायिकेनं पुढे म्हातारपणी सांगितलं की ती आवाज दाबून यंत्राला जुळवून घेत असे. इमान यंत्रानं राखायचं होतं, राखलं गायिकेनं.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी अस्सल ॲनालॉग रेकॉर्डसाठी नावाजलेली. मूळ टेप ते रेकॉर्ड, मध्ये डिजिटलचा स्पर्श नाही, अशी तिच्या गिऱ्हाइकांची समजूत होती आणि त्याचे ते घसघशीत पैसे मोजत. 2022 च्या जुलैमध्ये फिनिक्समधल्या एका रेकॉर्ड दुकानदारानं व्हिडिओ करून शंका उपस्थित केली, आणि कंपनीनं मान्य केलं की 2011 पासून तिच्या कामात डिजिटल पायरी वापरली जात होती. लाखांच्या यंत्रांवर रोज ऐकणाऱ्या, डिजिटल शंभर पावलांवरून ओळखतो म्हणणाऱ्या लोकांना दहा-अकरा वर्षं पत्ता लागला नाही. प्रकरण कोर्टात गेलं.

यावरून महाग आणि स्वस्त यंत्रांत फरकच नसतो असं मी म्हणत नाही. असतो. आमच्या यंत्रात आणि नीट जुळवलेल्या टर्नटेबलमध्ये तर कुणालाही कळेल इतका असतो. पण एका पातळीनंतर कानाला येणारा फरक मुख्यत: बिलातून येतो. शिवाय ही वाट एका यंत्रावर थांबत नाही. टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट वीज निघते, म्हणून फोनो प्रीॲम्प हवा. मग ॲम्प्लिफायर, मग स्पीकर, मग स्पीकरला शोभेल अशी खोली. स्कॉटलंडच्या लिन कंपनीचा एलपी12 हा टर्नटेबल 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आजतागायत विकला जातो आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग वेगळा अपग्रेड करता येतो. एका अर्थी हे फार प्रामाणिक आहे, यंत्र फेकावं लागत नाही. दुसऱ्या अर्थी गिऱ्हाईक पन्नास वर्षं दुकानाच्या पायरीवरच उभं असतं. गाणं वाजतंय आणि माणूस बेस ऐकतोय, हा प्रकार मी पाहिला आहे. त्याला राग विचारा, सांगता येणार नाही. केबलचा नंबर तोंडपाठ असतो.

खरा शत्रू: झिजलेली पिन

अण्णाचा पहिला मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. जुनं यंत्र रेकॉर्ड खराब करू शकतं. ‘जुनं ते सोनं’ म्हणत वीस वर्षांची पिन घासत बसणाऱ्यांवर माझा रोष नवं विकत घेणाऱ्यांपेक्षा जास्त आहे.

हिऱ्याची पिन काळजी घेतली तर साधारण 500 ते 1000 तास टिकते. जुन्या यंत्रांत अनेकदा सफायरची असते, ती याच्या दहाव्या हिश्शालाही पोहोचत नाही. रोज एलपीची एक बाजू, म्हणजे वीस मिनिटं, वाजवली तर वर्षाला 120 तास होतात. म्हणजे सफायरची पिन सहा महिन्यांत संपली. त्यानंतर ती वाजवत नाही, नांगरते. आणि नांगरलेली खाच जगातल्या कुठल्याही अपग्रेडनं परत येत नाही.

पण पाहा, या रोगाचं औषध पिन आहे, टर्नटेबल नाही. आमच्या यंत्राची नवी पिन मला सातशे रुपयांच्या आत मिळाली. सोलापुरातल्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककाकांनी आतलं कडक झालेलं रबरी चाक घासून दिलं, तेल घातलं, साडेसहाशे घेतले. पार्ट मिळत नाहीत हा तिसरा मुद्दा इथे निकालात निघतो. हे यंत्र चार स्क्रू काढले की उघडतं आणि आत काय बिघडलंय ते डोळ्यांनी दिसतं. तुमच्या खिशातल्या फोनबद्दल असं म्हणता येईल?

वेग बरोबर आहे का, हेही घरी तपासता येतं. रेकॉर्डच्या कडेखाली कागदाचा कपटा ठेवा, फोनवर तीन मिनिटांचा टायमर लावा, 33 चा वेग ठेवून फेरे मोजा. तीन मिनिटांत 100 फेरे भरले पाहिजेत. दुरुस्तीआधी आमचे 96 भरायचे, आता शंभर भरतात.

जड हाताचं म्हणाल, तर तेही रेकॉर्ड पाहून ठरतं. आमचा हात पाच-सहा ग्रॅमचा, आधुनिक टर्नटेबलचा दोनच्या आसपास. स्टिरिओ एलपीला पाच-सहा ग्रॅम जास्तच. त्यात स्टिरिओच्या खाचेत पिनला आडवं आणि उभं दोन्हीकडे हलावं लागतं. जुनी मोनो कार्ट्रिजं उभी हलायला राजी नसतात आणि खाचेच्या भिंती ओरबाडतात. म्हणून स्टिरिओ एलपी मी या यंत्रावर लावत नाही, कुणाला लावूही देत नाही. त्या 13 एलपींतलं सगळं फोनवर आहे. पण 78? त्यांनी चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन आणि शंभर ग्रॅमच्या वरचं ओझं सोसलेलं आहे. त्यांना पाच ग्रॅम म्हणजे फुंकर. आणि त्या मुळातच मोनो आहेत, तेव्हा दुसरा स्पीकर नसल्याचं दु:ख त्यांना नाही.

जाता जाता एक इशारा. 78 ची रेकॉर्ड स्पिरिटनं किंवा सॅनिटायझरनं कधीही पुसू नका. ती लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, त्याला विचारा. मऊ कोरडा ब्रश पुरे. आणि ऑनलाइन मिळणारे ब्लूटूथवाले, जुन्या सुटकेसच्या तोंडवळ्याचे स्वस्त प्लेअर घेऊन ‘नवं घेतलं’ म्हणू नका. त्यातल्या बहुतेकांत आमच्या यंत्रासारखंच सिरॅमिक कार्ट्रिज असतं. जे घरात आहे तेच पुन्हा कशाला विकत घ्यायचं?

अपग्रेड करायचंच तर गावाचं करा

आता माझ्या बाजूचा कच्चा दुवा. आमचं यंत्र ऐकायला पुरेसं आहे, जपणूक करायला नाही. 78 चा आवाज डिजिटल करून कायमचा ठेवायचा तर चांगलं यंत्र लागतं: वेग बारीक कमीजास्त करता येणारं, कारण जुन्या काळी सगळ्या रेकॉर्ड बरोबर 78 वर कोरल्या गेल्या नव्हत्या, खाचेनुसार वेगवेगळ्या पिना बसणारं, हलक्या हाताचं. म्हणजे हाय-फाय लागतंच. पण 96 रेकॉर्ड एकदा डिजिटल करायला किती दिवस लागतील? दहा? पंधरा? मग ते यंत्र माझ्या दिवाणखान्यात आयुष्यभर कशाला हवं?

ते ग्रंथालयात हवं. 1967 च्या कायद्यापासून महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं आहे. तालुक्याला नाही तर नाही, निदान जिल्ह्याच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात एक उत्तम टर्नटेबल, तीन-चार पिना, एक कॉम्प्युटर आणि हे काम शिकलेला एक माणूस ठेवणं अशक्य आहे का? लोक आपापल्या पेट्या घेऊन येतील, वाजवून घेतील, एक प्रत तिथे ठेवतील, मूळ रेकॉर्ड घरी नेतील. हौशी लोकांनी हे विनासरकार करून दाखवलं आहे. 1990 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी नोकऱ्या सांभाळून रेकॉर्ड शोधल्या, याद्या केल्या, स्वत:चं नियतकालिक चालवलं. हाय-फायवर एकेकट्यानं लाख उडवणाऱ्या दहा जणांनी त्यातला निम्मा पैसा एकत्र केला, तर सोलापूर जिल्ह्याचं काम उभं राहील.

अण्णाला मी हेच म्हटलं. नव्या टर्नटेबलचे पैसे द्यायचेच असतील तर असे दे. तो हसला, “तुझं आपलं काहीतरीच,” म्हणाला. पण नाही म्हणाला नाही.

तोवर आमच्या घरातलं काम ठरलं आहे. यंत्र राहील. पिनवर तारीख लिहून ठेवली आहे, तास भरले की बदलायची. रेकॉर्ड आडव्या चळतीतून काढून उभ्या लावल्या, आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते फार गरजेचं. 96 पैकी 70 रेकॉर्डची यादी झाली: लेबल, नंबर, गायक, भाषा. कन्नड लेबलं अव्वा वाचते, मराठी मी. उरलेल्या 26 या महिन्यात होतील.

तुमच्या घरात, मामाकडे, आजोळच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर टर्नटेबलचे रिव्ह्यू पाहण्याआधी ती खाली काढा. त्यात 78 किती, 45 किती, एलपी किती, ते मोजा. काय वाजवायचंय हे आधी कळू द्या. कशावर वाजवायचं, ते मग ठरवता येईल.